‘काळी चार’चा अर्थ आणि ‘पट्टी’ या शब्दाचे मूळ

खानापुराहून बेळगावात गाणे शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. गुरूंनी तिला ‘तुझी पट्टी काळी चार’ असे सांगितले. पण मोबाइलवरच्या तंबोऱ्यात काळे किंवा पांढरे असे काहीच दिसत नाही, तेव्हा या बोलण्याचा अर्थ काय, हा पहिला प्रश्न. हा शब्द आला कुठून, हा दुसरा. आणि बेंगळुरूला कर्नाटक संगीत शिकणारी तिची मावसबहीण ‘माझी साडेपाच’ असे सांगते, तर दोघींपैकी वरच्या पट्टीत कोण गाते, हा तिसरा. चाळीस वर्षे मी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, साथ करतो आहे आणि पेटी शिकवतो आहे, आणि या काळात हा शब्द रोज कानावर पडूनही त्याचा नीट विचार न केलेले अनेक चांगले कलावंत मी पाहिले आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

अर्थ सोपा आहे. पेटीसमोर बसलात की काळ्या पट्ट्या दोन आणि तीन, पुन्हा दोन आणि तीन अशा जुड्यांनी मांडलेल्या दिसतात. दोनच्या जुडीतली डावीकडची ती काळी एक आणि तिच्या शेजारची काळी दोन. तीनच्या जुडीत डावीकडून काळी तीन, काळी चार, काळी पाच. पांढऱ्यांची मोजणी दोनच्या जुडीला डावीकडून चिकटलेल्या पट्टीपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये, तसेच सात आणि पुढच्या सप्तकातली एक यांच्यामध्ये काळी नसते. पेटी कुठल्याही पट्टीपासून सुरू होत असली तरी ही मोजणी बदलत नाही. ‘माझी काळी चार’ याचा अर्थ एवढाच, की चौथ्या काळ्या पट्टीवर जो स्वर वाजतो तो मी षड्ज, म्हणजे ‘सा’, मानते, आणि तंबोरा, पेटी, तबला सगळे त्या षड्जाला मिळवून घ्यावे. पाश्चात्त्य नावांनी पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प आणि काळी चार म्हणजे जी शार्प. मोबाइलवरच्या तंबोऱ्यात हीच नावे असतात, त्यामुळे तिथे जी शार्प निवडले की काम झाले.

आता मूळ. ‘पट्टी’ हा शब्द आपल्याकडे संगीताच्या कितीतरी आधीचा आहे. संस्कृतातल्या ‘पट्टिका’पासून आलेला हा शब्द लांबट, अरुंद आणि सपाट अशा कुठल्याही वस्तूला लागतो: कापडाची पट्टी, लाकडाची पट्टी, आखण्याची पट्टी, जमिनीची पट्टी. पेटीच्या कारखान्यातही बोटाखाली दबणाऱ्या लाकडी कळीला पट्टीच म्हणतात, आणि आत बसवलेल्या पितळी जिभेला सूर. कारागीर ‘पट्टी अडकते’ म्हणाला तर दोष लाकडात असतो आणि ‘सूर अडकतो’ म्हणाला तर पितळेत. या लाकडी पट्टीचे नाव तिच्यातून निघणाऱ्या स्वराला लागले, पुढे तो स्वर षड्ज धरून होणाऱ्या सगळ्या गाण्याला लागले, आणि शेवटी गाणाऱ्याच्या गळ्याच्या बैठकीलाच लोक पट्टी म्हणू लागले. वस्तू, तिचा आवाज आणि मग माणसाचा गळा अशा पायऱ्यांनी हा शब्द सरकत गेला आहे.

याला माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा व्याकरणाचा आहे. आपण ‘काळा चार’ किंवा ‘काळे चार’ म्हणत नाही, ‘काळी चार’ म्हणतो. स्वर पुल्लिंगी, सूर पुल्लिंगी, षड्जही पुल्लिंगी. मग काळी कोण? काळी ती पट्टी. विशेष्य बोलण्यातून गळून पडले आणि विशेषण आपले लिंग सांभाळून मागे राहिले. शिवाय काळा आणि पांढरा हे रंग गळ्याला नसतात, तारेलाही नसतात. ज्या वाद्यावर दोन रंगांच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, त्याच वाद्यासमोर हा शब्द जन्मू शकतो. म्हणून ‘पट्टी’चा हा अर्थ आखण्याच्या पट्टीवरून, म्हणजे मोजमापाच्या कल्पनेवरून आला असावा, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. त्यात मोजणी येते, पण रंगांचा उलगडा होत नाही.

यावरून शब्दाचे वयही कळते. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये घेतले. ते वाद्य पायाने भाता हलवून वाजवायचे होते. ते भारतात आले, आणि कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात त्याला आपल्या बैठकीला सोयीचे रूप दिले: जमिनीवर ठेवून एका हाताने भाता मारायचा आणि दुसऱ्या हाताने वाजवायचे. त्याच दशकाच्या आरंभी, १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात मराठी संगीत नाटक उभे केले. अण्णासाहेब आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, याचा इथल्या मराठी माणसाला अभिमान आहे आणि तो असावाच. सुरुवातीला या रंगभूमीवर सारंगीची साथ होती. पुढच्या काळात पेटी आणि पायपेटी आली आणि टिकली.

मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. सारंगीवाला गायकाचा आवाज ऐकून खुंट्या पिळत असे आणि तंबोराही गळ्याला मिळवला जाई. षड्ज गळा जिथे सुखाने बसेल तिथे; त्या जागेला स्वतंत्र नाव देण्याची कुणाला गरज नव्हती. ‘संगीतरत्नाकरा’सारख्या तेराव्या शतकातल्या ग्रंथातही मंद्र, मध्य आणि तार ही स्थाने आहेत, पण ती गाणाऱ्याच्या स्वतःच्या षड्जापासून मोजलेली. पेटीचे सूर मात्र कारखान्यातच घासून पक्के केलेले असतात आणि बैठकीत कान पिळून ते सरकवता येत नाहीत. नाटकात एका पात्राचा गळा एकीकडे आणि दुसऱ्याचा दुसरीकडे, आणि पेटीवाल्याला पडदा उघडण्याआधी कळायला हवे की अमुक पद कुठून धरायचे. स्वर स्थिर झाला, म्हणून त्याला पत्ता लागला, आणि तो पत्ता डोळ्यांना दिसेल अशा खुणेने दिला गेला. गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांनी हा शब्द बैठकीत, बैठकीतून भजनात आणि भजनातून घराघरांत पोचवला असावा असा माझा तर्क आहे.

पेटीवर आक्षेपही कमी झाले नाहीत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही, स्वरांचे अंतर समान केलेले असल्यामुळे आपले गंधार-धैवत खरे लागत नाहीत, हे आक्षेप खरे होते आणि आहेत. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पासून ती सैल केली. पण पेटीला दूर ठेवणाऱ्यांच्या तोंडूनही पेटीचा शब्द गेला नाही. आजही ज्या बैठकीत फक्त दोन तंबोरे आणि तबला असतो, तिथे तंबोरा जुळवायला बसलेला माणूस ‘काळी एक ना?’ असेच विचारतो. आमच्या भागात तर पेटी हे केवळ साथीचे वाद्य राहिलेच नाही. कागवाडला जन्मलेले आणि बेळगावात आयुष्य वेचलेले पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) यांनी पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामुळे इथल्या मुलांना पट्टी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या खोलीतल्या साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या आहेत. गेली अनेक वर्षे तिच्यावर मुख्यतः मुलींचे वर्ग झाले. मधल्या सप्तकात काळी चारचा काळा रंग बोटाच्या टोकाएवढ्या जागेत उडाला आहे आणि खालचे तपकिरी लाकूड दिसते. त्याच्या खालोखाल झिजली आहे ती पुढच्या सप्तकातली काळी दोन, कारण काळी चार षड्ज धरला की पंचम, म्हणजे ‘प’, तिथे येतो. काळी तीनवर मात्र बाजारातून आणली तेव्हाची चकाकी अजून आहे. शब्द बोटातून आला म्हणजे काय, हे मी नव्या विद्यार्थ्यांना त्या पट्ट्यांवर हात ठेवायला लावून दाखवतो.

आता जिथे खरी गफलत होते तो भाग. काळी चार हा पत्ता आहे, उंची नव्हे. आकडा मोठा म्हणजे पट्टी वरची, असे समजू नका. कारण प्रत्येक सप्तकात या पट्ट्या पुन्हा येतात आणि बोलताना सप्तक कुणी सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने गळ्यावरून ओळखायचे असते. पुरुष साधारणपणे काळी एकच्या आसपास गातात, आणि तो षड्ज आजच्या प्रमाणाने सुमारे १३८.६ हर्ट्झ येतो. बायकांची काळी चार सुमारे २०७.७ हर्ट्झ, म्हणजे त्याच्या बरोबर पंचमाच्या जागी. पण एखाद्या जड आवाजाच्या पुरुषाने ‘माझी काळी पाच’ म्हटले, तर त्याचा षड्ज बहुधा ११६.५ हर्ट्झचा, म्हणजे काळी एकवाल्यापेक्षा तीन अर्धस्वर (काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या) खालचा असतो. तेच ‘काळी पाच’ एखाद्या मुलीने सांगितले तर तिचा षड्ज त्याच्या दुप्पट, २३३ हर्ट्झचा. आणि तालुक्यातल्या एखाद्या गावच्या भजनात चार अभंग रंगल्यावर बुवा टाळ थांबवून ‘मास्तर, पट्टी चढवा की जरा’ म्हणतात, तेव्हा काळी चार-पाचपर्यंत खुल्या आवाजात पोचणारे पुरुषही मी पाहिले आहेत. तेव्हा नुसत्या आकड्यावरून कुणाचा गळा चढा आणि कुणाचा ढाला हे ठरवू नये.

दुसरी गोष्ट, पत्ता तोच असला तरी घर थोडे सरकलेले असू शकते. आज बहुतेक वाद्ये ए हा स्वर ४४० हर्ट्झ धरून जुळवतात. हे प्रमाण १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत मान्य झाले. फ्रान्सने १८५९ मध्ये ठरवलेले प्रमाण ४३५ होते, आणि आपल्याकडच्या जुन्या, मोलाच्या पेट्यांत पॅरिसचे सूर बसवलेले आढळतात. ४३५ आणि ४४० यांतला फरक अर्धस्वराच्या सुमारे एक पंचमांश येतो. कान तयार असेल तर तो खुपतोच. म्हणून जुन्या पेटीवर काळी चार धरली आणि मोबाइलवर जी शार्प लावले, की दोन्ही मिळत नाहीत, आणि विद्यार्थी आपल्या गळ्याला दोष देतात. दोष गळ्याचा नसतो. मोबाइलच्या तंबोऱ्यात बारीक सरकवण्याची सोय असते. ती वापरून तंबोरा पेटीला मिळवावा, कारण पेटी तंबोऱ्याला मिळवता येत नाही. कारागीर ती मिळवू शकतो, पण सूर घासून: टोकाकडे घासला की चढतो, मुळाकडे घासला की उतरतो, आणि एकदा गेलेले पितळ परत येत नाही. काही साथीदार एकाच गायकाच्या पट्टीला नैसर्गिक अंतरांनी पेटी लावून घेतात. अशी पेटी त्या पट्टीत विलक्षण गोड वाजते आणि शेजारच्या पट्टीत कानाला बोचते. ‘ही पेटी काळी एकला लावलेली आहे’ असे कुणी म्हणाले, तर त्याचा अर्थ हा असतो, आणि ती मागून नेऊन दुसऱ्या पट्टीत वाजवू नये.

तबल्याचेही थोडक्यात सांगतो. तबलजी पट्टी विचारतो ती पुडीच्या, म्हणजे तबल्यावरच्या कातड्याच्या, मापासाठी. काळी एकचा तबला तोंडाशी साडेपाच इंचांच्या आसपास असतो आणि काळी चार-पाचचा त्याहून मोठा, पावणेसहा-सहा इंचांचा. हातोडीने तबला एखाद-दीड अर्धस्वर वरखाली होतो. त्यापलीकडे ताणला तर पुडीला धोका आणि उतरवला तर बोल बसके होतात.

आता तिसरा प्रश्न, आणि तो बेळगावात बसून विचारला जावा याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आपल्या जिल्ह्यावरून हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन पद्धतींची वाट जाते, आणि दोन्हीकडच्या मोजण्या वेगळ्या आहेत. दक्षिणेत काळे-पांढरे म्हणत नाहीत. तमिळमध्ये ‘कट्टै’ आणि कानडीत ‘मने’ म्हणतात. कट्टै म्हणजे लाकडाचा तुकडा आणि मने म्हणजे घर; म्हणजे तिकडेही शब्द पेटीच्या पट्टीवरूनच आला, फक्त आपण रंग पाहिला आणि त्यांनी लाकूड किंवा घर पाहिले. मोजणी त्यांची अशी: पांढऱ्या पट्ट्या पूर्ण आकडे, एक ते सात, आणि काळ्या पट्ट्या मधल्या म्हणून अर्धे. काळी एक म्हणजे दीड, काळी दोन म्हणजे अडीच, काळी तीन साडेचार, काळी चार साडेपाच आणि काळी पाच साडेसहा. साडेतीन नसते, कारण पांढरी तीन आणि चार यांच्यात काळी नाही. मला ही मोजणी आपल्यापेक्षा एका बाबतीत सरस वाटते: तिच्यात आकडा वाढला की एका सप्तकापुरता स्वरही चढतो. आपल्याकडे काळी तीन ही पांढरी तीनच्या वर आहे की खाली, हे पेटी डोळ्यांसमोर आणल्याशिवाय सांगता येत नाही. ती पांढरी चारच्याही वर आहे.

या फरकाचा फटका मला स्वतःला बसला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नवरात्रात बेळगावातल्या एका देवळात दक्षिणेकडून आलेल्या गायिकेचा भक्तिसंगीताचा कार्यक्रम होता. फोनवर मी कानडीत पट्टी विचारली आणि त्यांनी ‘ऐदु’, म्हणजे पाच, असे सांगितले. बाई गाणार म्हणजे पाच ही काळी पाचच, असे मी गृहीत धरले आणि तबलजीलाही तसेच कळवले. त्यांनी षड्ज लावला तेव्हा तो पांढरी पाचला लागला. तबला काळी पाचचा, म्हणजे तीन अर्धस्वर चढा. उतरवता उतरवता चाटीचा, म्हणजे पुडीच्या कडेचा, आवाज ढिला पडला आणि मधल्या काळ्या शाईवरची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, नाहीशी झाली. शेवटी एका मुलाला दुचाकीवरून शहापुरात धाडून दुसरा तबला आणवला; तोवर सभागृह वीस-पंचवीस मिनिटे खोळंबले आणि त्या बाई शांतपणे डोळे मिटून बसून राहिल्या. मला आजही त्याची लाज वाटते. रंग विचारला असता तर हे टळले असते. तेव्हापासून मी आकड्यावर कधीच थांबत नाही. समोरच्याला ‘सा’ गुणगुणायला सांगतो आणि इकडे पेटीवर तपासतो. फोनवरून ऐकलेला सूरही शब्दापेक्षा भरवशाचा असतो.

‘पट्टी’ बोलीत शिरल्यावर तिचा अर्थ थोडा पसरला, हेही लक्षात ठेवा. ‘वरच्या पट्टीत बोलू नका’ असे घरात म्हटले जाते तेव्हा चिडून मोठ्याने बोलणे अभिप्रेत असते. रागात आवाज मोठाही होतो आणि चढतोही, म्हणून हा वाक्प्रचार रुजला. गाण्यात मात्र मोठा आवाज आणि वरची पट्टी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नवशिक्यांचा गळा बहुतेक वेळा याच गोंधळामुळे बसतो. ‘पट्टीचा पोहणारा’, ‘पट्टीचा पैलवान’ यांतल्या पट्टीचा मात्र पेटीशी संबंध जोडू नये. पोहण्याला षड्ज नसतो. ‘पट्टीचा गवई’ म्हटल्यावरही तिथे कसबच अभिप्रेत असते.

आता तुमच्या दोघींचा हिशेब. तुमची काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी, जी शार्प. बहिणीची साडेपाच म्हणजे पाचव्या आणि सहाव्या पांढरीमधली काळी. ती मोजून पाहा, दुसऱ्या जुडीतली मधली, चौथीच येते. वरच्या पट्टीत कुणीच गात नाही. दिवाळीत ती बेळगावला आली की दोघींनी एकच तंबोरा लावून बसावे, खुंटीला हात लावावा लागणार नाही.